पंख चिकटतो तेव्हा खोलीत काय घडतं

काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड पांढरंशुभ्र असतं. फोममधून कोरलेल्या पंखावर ते अंथरायचं, वर पातळ मधाळ इपॉक्सी ओतायची आणि रबरी पट्टीने हलक्या हाताने पसरवत न्यायची. पट्टी पुढे सरकते तसतसं कापड दिसेनासं होतं. मिनिटापूर्वी जिथे पांढरं वस्त्र होतं, तिथे आता खालचा पृष्ठभाग आरपार दिसतो आणि कापड मात्र होतं तिथेच असतं. कोरड्या विणीत काच आणि हवा यांच्या असंख्य सीमा असतात. प्रत्येक सीमेवर प्रकाश विखुरतो, म्हणून कापड पांढरं दिसतं. काच प्रकाशाला जितकी वाकवते, जवळपास तितकीच इपॉक्सीही वाकवते; दोन्हींचा अपवर्तनांक १.५५ च्या आसपास असतो. हवेच्या जागी इपॉक्सी शिरली की प्रकाशापुरत्या त्या सीमाच पुसल्या जातात.

आणि जिथे हवा अडकून राहिली, तिथे पांढरा ठिपका उरतो. थोडक्यात, पंख स्वतःच आपल्या चुका दाखवून देतो. दिवा तिरपा धरायचा, ठिपके शोधायचे आणि इपॉक्सी ओली आहे तोवर ते दाबून बाहेर काढायचे.

हा चमत्कार पाहायला विमानाच्या कारखान्यात जावं लागत नाही. अमेरिकेत तो शेकडो घरांच्या गॅरेजांत आणि तळघरांत घडलेला आहे. तिथे हौशी माणसाने स्वतः बांधलेल्या विमानाला कायद्यात वेगळी जागा आहे. निम्म्याहून जास्त काम हौशी हातांनी, शिकण्यासाठी किंवा छंदासाठी केलेलं असलं पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिन राज्यात अशा लोकांची संघटना सुरू केली, आणि १९७० पासून तिचा मोठा मेळा त्याच राज्यातल्या ऑशकॉश गावी भरतो. विमानांचे रचनाकार बर्ट रुटान यांचं ‘व्हेरीझी’ हे विमान १९७५ मध्ये उडालं, ‘लाँग-ईझी’ १९७९ मध्ये. त्यांच्या पद्धतीत महागडे साचे लागत नाहीत. फोम कापा, त्यावर काचेचं कापड आणि इपॉक्सी चढवा, झाला पंख. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. ते मात्र धातूचं होतं. धातूच्या विमानात पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटचं बरंचसं काम रुटान यांच्या विमानांत गोंदच करतो.

हा गोंद किती भार पेलतो? १९८६ च्या डिसेंबरात बर्ट रुटान यांनीच आखलेलं ‘व्हॉयेजर’ वाटेत कुठेही न उतरता आणि इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. डिक रुटान आणि जीना येगर त्यात नऊ दिवस होते. कार्बनचे धागे, कागदी जाळीचा गाभा आणि इपॉक्सी यांच्या या विमानाचा सांगाडा जेमतेम ४२६ किलोचा होता आणि धावपट्टी सोडताना एकूण वजन होतं सुमारे ४,४०० किलो.

रिव्हेट आणि गोंद यांच्यात एक मोठा फरक आहे. रिव्हेट नीट बसलं नसेल तर ते डोळ्यांना दिसतं, बोटाला लागतं. काढून दुसरं ठोकता येतं. चिकटवलेला सांधा एकदा बंद झाला की त्याच्या आत पाहायची सोय नसते. तो किती मजबूत होणार हे पहिल्या काही तासांत ठरतं, आणि ठरवणाऱ्यांत हातांच्या कौशल्याइतकाच वाटा असतो खोलीतल्या हवेचा: ती किती उबदार, किती दमट, तिच्यात काय मिसळलेलं. म्हणून घरात विमान बांधणाऱ्याच्या अवजारांत सगळ्यात मोठं अवजार म्हणजे खोली. अडचण एवढीच, की त्याच अवजारात उभं राहून त्याला श्वासही घ्यायचा असतो.

तीन अणूंचा ताणलेला त्रिकोण

इपॉक्सीच्या डब्यांची जोडी असते, एकात रेझिन आणि दुसऱ्यात हार्डनर. रेझिनच्या रेणूच्या टोकांना तीन अणूंची छोटी कडी असते, दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन. कार्बनला आपले बंध साधारण १०९ अंशांनी फाकलेले हवे असतात. या त्रिकोणात ते ६० अंशांत कोंबलेले असतात. त्यामुळे कडी कायम ताणलेली, उघडायला निमित्त शोधणारी. हार्डनरमधला अमाइन हा नायट्रोजनवाला गट ते निमित्त पुरवतो. कडी उघडते, अमाइनशी कायमची जोडली जाते आणि उघडताना थोडी उष्णता सोडते. अशा अगणित जोडण्या होत होत पातळ द्रवाचं जाळं विणलं जातं. जाळं पूर्ण विणलं गेलं की रेझिनचे सुटे रेणू जवळजवळ उरतच नाहीत. टोकापासून टोकापर्यंत पसरलेला, हाताने उचलता येईल असा एकच अवाढव्य रेणू तयार होतो!

यात काहीही उडून जात नाही. फेव्हिकॉल वाळतो तेव्हा त्यातलं पाणी निघून जातं. इपॉक्सी वाळत नाही, ती घडते. फेव्हिकॉल कपाटासाठी उत्तम, पण विमानाच्या सांध्यात त्याला जागा नाही. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतात. सततच्या भाराखाली, उष्णतेत, ओलाव्यात त्या हळूहळू घसरत जातात. हार्डवेअरच्या दुकानातली अॅरल्डाइटची जोडट्यूब किंवा एम-सीलच्या दोन कांड्या याच इपॉक्सीच्या कुळातल्या. विमानासाठीचं मिश्रण वेगळं असलं तरी आतली गोष्ट तीच.

ही गोष्ट तापमानाच्या तालावर चालते. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं तर वेग दुप्पट आणि १० अंशांनी उतरलं तर निम्मा. साधारण २१ ते २७ अंश सेल्सिअसची खोली कामाला सोयीची. विस्कॉन्सिन किंवा मिनेसोटात जानेवारीत पारा शून्याच्या बराच खाली असतो, म्हणून गॅरेज ऊबदार ठेवावं लागतं, नाहीतर छोटे भाग सरळ घरात येतात. थंड रेझिन घट्ट होतं आणि कापडात शिरायला कुरकुर करतं. मग माणूस आणखी ओततो आणि पंख विनाकारण जड होतो, कारण ताकद काचेच्या धाग्यांत असते. जास्तीचं रेझिन नुसतं वजन. म्हणून अनुभवी मंडळी रेझिनचे डबे एका छोट्या कपाटात ठेवतात आणि आत एक बल्ब जळत ठेवतात.

उलट टोकही तितकंच त्रासदायक. मोठ्या कपात भरपूर इपॉक्सी कालवून तशीच ठेवली तर आतली उष्णता बाहेर पडत नाही; उष्णतेने वेग वाढतो आणि वेगाने आणखी उष्णता. बघता बघता कप हाताला चटका देतो, धुरावतो, त्यातला ऐवज फेसाळून दगड होतो. तेच मिश्रण पसरट ताटलीत ओतलं तर बशीत ओतलेल्या चहासारखं निवत राहतं आणि कामाला निवांत वेळ मिळतो. फोममधला खोल खड्डा एका दमात इपॉक्सीने भरू नये तो याचसाठी. आतल्या आत तापून ती भोवतालचा फोम वितळवते, आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पृष्ठभागाखाली पोकळी राहते.

शेगडीचा अदृश्य डाग

थंड गॅरेजात सहज सुचणारा उपाय म्हणजे गॅसची किंवा रॉकेलची शेगडी. तिथेच एक सुंदर सापळा आहे. धुराडं नसलेली शेगडी जळते तेव्हा मुख्यतः दोन गोष्टी खोलीत सोडते, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. आणि हार्डनरमधल्या अमाइनला या दोन्हींचं आकर्षण असतं. पृष्ठभागावरचे काही अमाइन रेझिनची वाट न पाहता हवेतल्या या जोडीशी संधान बांधतात आणि कडक झालेल्या इपॉक्सीवर तेलकट, मेणचट साय धरते. ती कधी बोटाला लागते, कधी लागतही नाही. तिच्यावर पुढचा थर चढवला तर तो विमानाला चिकटत नाही, सायीला चिकटतो.

याची दुरुस्ती मात्र अगदी साधी. साय पाण्यात विरघळते. कोमट पाणी आणि घासणी पुरते. थिनरने पुसायला गेलं तर ती नुसती इकडून तिकडे पसरते. घासायच्या आधी धुवायचं, कारण आधी सॅंडपेपर मारला तर साय खरडलेल्या रेघांत जाऊन बसते. याहून हुशार युक्ती म्हणजे शेवटच्या ओल्या थरावर नायलॉन किंवा पॉलिस्टरचं पातळ कापड अंथरायचं आणि सगळं कडक झालं की ते टरकन सोलून काढायचं. साय त्याच्याबरोबर निघून जाते आणि खाली स्वच्छ, खरबरीत, पुढच्या थराला आयता पृष्ठभाग मिळतो. मुंबईच्या जुलैत, जिथे शेगडीशिवायच हवेत पाणी भरलेलं असतं, तिथे हे काम करणाऱ्याने तर ही युक्ती पाठच करावी.

त्वचेलाही अमाइन असतात

आता त्या ताणलेल्या त्रिकोणाकडे पुन्हा वळू. त्याला उघडायला अमाइन हवा असतो. तो हार्डनरचाच असावा असा त्याचा आग्रह नसतो. आपली त्वचा प्रथिनांची बनलेली आहे आणि प्रथिनांत अमाइनचे गट असतात, गंधकाचेही असतात, आणि दोघांशीही ही कडी जोडली जाऊ शकते. सर्वसाधारण रेझिनचा सगळ्यात लहान रेणू ३४० च्या आसपास रेणुभाराचा असतो, त्वचेच्या वरच्या थरातून आत झिरपण्याइतका चिमुकला. आत जाऊन तो आपल्याच प्रथिनाला चिकटतो, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना ते प्रथिन परकं वाटू लागतं. रेझिनला पंख आणि मनगट यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी आपण दुसऱ्या प्रकारचा हार्डनर आहोत.

या ॲलर्जीचं वागणं चमत्कारिक असतं. पहिल्या वेळी काही होत नाही, नंतरही कित्येकदा काही होत नाही, आणि माणूस निर्धास्त होतो. त्याच काळात रोगप्रतिकारक पेशी ओळख पटवून ठेवत असतात. मग एके दिवशी बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कधी पापण्यांवर खाजरे लाल चट्टे उठतात. तिथून पुढे अगदी किंचित संपर्कही पुरतो, आणि ती ओळख बहुधा आयुष्यभर टिकते. काहींना कधीच होत नाही; आपण कोणत्या गटात आहोत हे आधी सांगता येत नाही. पंख अर्धा झालेला असताना ही ॲलर्जी उपटली, तर विमान दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायची वेळ येते.

म्हणून नाइट्राइलचे हातमोजे घालायचे, मळले की लगेच बदलायचे आणि बाह्या लांब ठेवायच्या. हाताला रेझिन लागलंच तर ॲसिटोन किंवा थिनर अजिबात नको. ते रेझिनला पातळ करून त्वचेत आणखी खोल पोचवतात. व्हिनेगरने पुसावं आणि मग साबण-पाण्याने धुवावं. वासावर भिस्त ठेवू नये. रेझिनला वास फारसा नसतो, हार्डनरला अमोनियाच्या जातीचा उग्र वास असतो. पण वास कमी म्हणजे धोका कमी, हे गणित इथे चालत नाही.

धुळीचं प्रकरण याहून कठीण. इपॉक्सी हाताला कडक लागली तरी आतली जोडणी पुढे कित्येक दिवस चालू असते. अशी अर्धकच्ची इपॉक्सी घासली की न जुळलेले रेणू धुळीवर स्वार होऊन नाकात, मानेवर, कपड्यांतून थेट घरातल्या सोफ्यावर पोचतात. इथे जुन्या कारागिरीची एक लकब मदतीला येते. थर चढवल्यावर काही तासांनी एक अशी वेळ येते, की इपॉक्सी चिकट राहिलेली नसते आणि पुरती कडकही झालेली नसते. तेव्हा कडेबाहेर लोंबणारं कापड धारदार ब्लेडने सरळ कापलं जातं, आणि धूळ अजिबात उडत नाही. ती वेळ हुकली तर दुसऱ्या दिवशी करवत हातात घ्यावी लागते आणि खोलीभर काच उडते.

रसायन खोलीची हद्द ओलांडून स्वयंपाकघरात गेलं तर काय होतं, याचा एक धडा इतिहासात नोंदलेला आहे. १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या एपिंग गावात ८४ जणांना कावीळ झाली. शोध घेतला तेव्हा धागा पावापर्यंत आणि पावापासून पिठापर्यंत गेला. पिठाचं पोतं ज्या गाडीतून आलं, तिच्या तळावर इपॉक्सीच्या हार्डनरसाठी वापरलं जाणारं मिथिलीन डायअॅनिलीन सांडलेलं होतं. हेच रसायन पुढे काही काळ विमानांच्या इपॉक्सींतही वापरात होतं. म्हणून कालवायचे कप, वजनकाटा, चमचे यांचा स्वयंपाकघराशी संबंध कायमचा तोडायचा आणि गॅरेजात डबा उघडून जेवायचं नाही.

दोघांचा आवाज, एक तार

फोम कापणं म्हणजे तर नाटकच असतं. फोमच्या ठोकळ्याच्या दोन टोकांना पंखाच्या आकाराचे दोन साचे खिळवलेले असतात, त्यांच्या कडेने ओळीने आकडे घातलेले. मध्ये ताणलेली निक्रोमची तार विजेने तापते. दोन माणसं तार दोन टोकांना धरून साच्यांवरून सरकवतात आणि एकजण मोठ्याने आकडे म्हणतो, म्हणजे दोन्ही टोकं एकाच वेळी एकाच आकड्यावर पोचतात. पंख मुळाशी रुंद आणि टोकाशी अरुंद. म्हणजे एकाला भरभर, दुसऱ्याला हळू सरकावं लागतं. हात थबकला की तार तिथेच फोम खाते आणि खळगा पडतो.

अशा कापणीला पॉलिस्टायरीनचाच फोम चालतो. त्याच्या धुरासाठीही खिडकी उघडी हवीच. पण युरेथेनच्या फोमला तापलेली तार लावायची नाही म्हणजे नाही, कारण त्यातून सायनाइडचा विषारी वायू निघतो. तो सुरीने कोरायचा. दोन्ही फोम दिसायला हलके आणि निरुपद्रवी, दोघांची रसायनं मात्र दोन टोकांची.

लाकूड, ओलावा आणि १९४४ चा हिंदुस्थान

फायबरच्या आधी हौशी विमानं लाकडाची असत, आजही असतात. मिनेसोटातल्या बर्नार्ड पिटेनपोल यांचं ‘एअर कॅम्पर’ १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून उडतंय आणि लोक अजून ते बांधतात. जुन्या विमानांत दुधातल्या केसीनचा गोंद असे. दुधाच्या प्रथिनात चुना घालून केलेला हा गोंद कोरड्यात टणक, ओलाव्यात मात्र बुरशीचं खाद्य. केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन यांनी १९३७ मध्ये ‘एरोलाइट’ हा कृत्रिम गोंद आणला. त्यात रेझिन एका फळीला, आम्ल दुसऱ्या फळीला, आणि दोन्ही भेटले की सांधा.

दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश ‘मॉस्किटो’ प्लायवूड आणि बाल्सा यांच्या थरांचं होतं. त्याचे भाग फर्निचरच्या कारखान्यांतही बनले. १९४४ मध्ये हिंदुस्थानातली काही मॉस्किटो पंखाचे सांधे सुटून कोसळली आणि बाकीची तपासणीसाठी जमिनीवर ठेवावी लागली. कारणांवर वाद झाला. कुणी उष्ण-दमट हवेला दोष दिला, कुणी कारखान्यातल्या ढिल्या जोडणीला. दोन्ही उत्तरं एकाच प्रश्नाकडे नेतात: लाकूड आणि गोंद जिथे भेटले तिथली हवा कशी होती, आणि जिथे राहायला गेले तिथली कशी?

घरी लाकडी विमान बांधणाराही म्हणून लाकडातलं पाणी मोजतो. ८ ते १२ टक्के असेल तरच कामाला घेतो. त्याच्याकडे एक साधी, निर्दय चाचणी असते. प्रत्येक कालवणीतून दोन टाकाऊ तुकडे चिकटवायचे, तारीख लिहायची आणि ते पुरते पक्के झाले की हातोड्याने फोडायचे. फुटल्यावर लाकडाचे तंतू फाटलेले दिसले तर सांधा पास. गोंदाची गुळगुळीत फट दिसली तर नापास, आणि त्याच कालवणीने जोडलेला खरा भागही संशयात.

पंखाला तंबू, माणसाला खिडकी

आता मूळ पेच. गोंदाला उबदार, कोरडी, स्थिर हवा हवी, म्हणजे खिडक्या बंद. माणसाला वाहती हवा हवी, म्हणजे खिडक्या उघड्या. कापडी आवरणाच्या विमानांत हा पेच आणखी टोकदार होतो, कारण सांगाड्याला पॉलिस्टर कापड चिकटवणारे काही गोंद एमईके नावाच्या द्रावकात असतात. त्याची वाफ हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि हवेत दोन टक्केही नसताना पेट घेऊ शकते. तळघरातल्या गॅस गिझरची सतत जळणारी ज्योत नेमकी जमिनीजवळ असते. म्हणून आतली हवा बाहेर फेकणारा पंखा खाली असावा, समोरच्या बाजूने ताजी हवा आत यायला वाट हवी, आणि पंख्याची मोटर ठिणगी न उडवणारी किंवा वाफेच्या वाटेबाहेर हवी. घरात उघडणाऱ्या दाराची फटही बंद हवी. साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. त्याला सक्रिय कोळशाचं काडतूस असलेला मुखवटा लागतो. अशा ग्रॅमभर कोळशाच्या छिद्रांतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो आणि वाफेचे रेणू त्यावर चिकटून बसतात. म्हणजे गोंदापासून वाचवणारी वस्तूही चिकटण्याच्याच जोरावर काम करते!

यातून निघालेली तोड मोठी समंजस आहे. दोघांच्या गरजा एकाच वेळी भागवायचा हट्ट सोडायचा. माणूस आत असेल तोवर हवा वाहती. थर चढला, माणूस बाहेर गेला, की फक्त पंखाभोवती प्लास्टिकचा तंबू उभारायचा आणि त्यात विजेवरची ऊब सोडायची. सगळं गॅरेज तापवण्यापेक्षा हे स्वस्त, आणि विजेच्या उबेतून ना वाफ निघते ना कार्बन डायऑक्साइड.

ही ऊब पुढेही कामाला येते. खोलीच्या तापमानाला घडलेली इपॉक्सी भर उन्हात मऊ पडू शकते. थोड्या जास्त उष्णतेत मुरवली तर तिची सहनशक्ती वाढते. तरीही अशी विमानं पांढरीच रंगवतात, कारण गडद रंग उन्हात पंखाचं तापमान त्या मऊ पडण्याच्या हद्दीपर्यंत नेऊ शकतो.

इपॉक्सीच्या पंखाची रोजची परीक्षाही अशीच साधी असते. कालवणीचा उरलेला कप फेकायचा नाही. त्यावर तारीख, वेळ आणि खोलीचं तापमान लिहून तो ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी नखाने दाबून पाहायचं. नख रुतलं तर पंखावरचा थरही कच्चा. वर्षा-दोन वर्षांनी असे कप ओळीने लावले तर विमानाची सगळी कुंडली त्यांत वाचता येते. म्हणून या छंदात उतरणाऱ्याने खरेदीची यादी उलट्या क्रमाने करावी. आधी तापमापक आणि आर्द्रतामापक, मग बाहेर फेकणारा पंखा, मग हातमोजे आणि मुखवटा. ही मंडळी जागेवर बसली, त्या खोलीत थंडीचे चार दिवस आणि पावसाचे चार दिवस आकडे टिपून झाले, की मग रेझिनची ऑर्डर द्यावी.